खालची फळी

२ सप्टेंबर, सोमवार

आज नवीन पुस्तकांची खोकी आली. चौथ्या खोक्यातून यान गुरुजी निघाले.

म्हणजे त्यांचं पुस्तक. बारा प्रती. मुखपृष्ठ निळं. त्यावर आमची शाळा, झेंड्याचा खांब आणि मागे समुद्र. लेखकाचं नाव वाचायच्या आधीच मी तो खांब ओळखला. त्याच्या बुडाशी सिमेंटचा चौथरा आहे. चित्रकाराने तो काढलेला नाही.

मालकीणबाई पुढचं खोकं फोडत होत्या. "ते दारासमोरच्या टेबलावर लाव रे आ-शुई. चालतंय म्हणे पुस्तक. तुझ्याच गावाकडचे ना हे गुरुजी?"

"असतील," मी म्हणालो.

टेबलावर लावलं. सहा-सहाचे दोन ढीग. ताइनानमध्ये सप्टेंबरात घामाने कागदाला बोटं चिकटतात, पण माझे हात गार पडले होते.

३ सप्टेंबर

दुपारी गिऱ्हाईक नसतं. पुस्तक वाचून काढलं. मग पुन्हा चाळलं. मी स्वतःला शोधत होतो.

नाही. त्यात भरतीच्या पाण्यातून शाळेत येणारी पोरं आहेत, डब्यातली कालवं आहेत, गुरुजींना ताप आला तेव्हा कुणाच्या आईने पाठवलेली पेज आहे. सगळी पोरं हसतात. एकशे चौऱ्याण्णव पानं हसतात. पाटी कुठेच नाही.

ती लाकडी होती, दोरीने गळ्यात अडकवायची. तिच्यावर लिहिलं होतं : 'मी घरची बोली बोललो. मला लाज वाटते.' शाळेच्या आवारात फक्त सरकारी भाषा बोलायची, असा नियम होता. ज्याच्या गळ्यात पाटी, त्याने घरची बोली बोलणारा दुसरा पोर पकडायचा आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शेवटची घंटा झाली की ज्याच्याकडे पाटी असेल तो चौथऱ्यावर गुडघे टेकून बसायचा, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच्यापासूनच सुरुवात.

माझ्याकडे ती दीड दिवस होती. आई कालवं फोडून परत येताना रस्त्यावरून मला बघत गेली. थांबली नाही. थांबली असती तर तिला आपल्या बोलीतच बोलावं लागलं असतं. दुसरी तिला येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी गेली.

चाळीस वर्षं झाली. मला वाटायचं, विसरलो.

५ सप्टेंबर

आमच्या दुकानात पुस्तकं विषयवार लावत नाहीत. मालकीणबाई म्हणतात, पुस्तकाला शेजार हवा. दर्यावर्दीच्या पत्रांशेजारी समुद्री शेवाळाच्या पाककृती, भूकंपाच्या इतिहासाजवळ घरं बांधायचं पुस्तक. मी आधी छापखान्यात बांधणीला होतो. इथे येऊन सात वर्षं झाली. आता डोळे मिटूनही सांगेन कुठलं पुस्तक कुठल्या शेजाऱ्याजवळ सुखी आहे. आणि कुठे दुःखी होईल, हेही मला कळतं.

आज गुरुजींना टेबलावरून उचललं आणि पश्चिमेच्या भिंतीला लावलं. तिथे दुपारी तीनपासून ऊन येतं. महिनाभरात पुस्तकाच्या पाठीचा रंग उडतो, नाव वाचता येत नाही.

संध्याकाळी लक्षात आलं की तिथे लाल आणि पिवळा रंग उडतो. निळा टिकतो. गुरुजींचं नशीब कायमच असं.

९ सप्टेंबर, सोमवार

गुरुजींना डुकरांच्या रोगांवरच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. दुसऱ्या बाजूला मासळीच्या तळ्यांची निगा. साहित्य वाचणारं माणूस त्या कोपऱ्यात पाय ठेवत नाही.

दुपारी चिगू गावाकडचा एक तळेवाला आला. पाण्याच्या क्षारांवरचं पुस्तक शोधत होता, हातात गुरुजी घेऊन आला.

"हे बघा मालक, अगदी आमच्या शाळेसारखी शाळा! मी काही पुस्तकं वाचणारा माणूस नाही बरं का. दोन द्या. एक मेव्हण्याला."

संध्याकाळपर्यंत आणखी एक गेलं, डुकरांच्या डॉक्टरीणबाईंना.

मालकीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "त्या पुस्तकाला पाय फुटलेत का रे? सोमवारी टेबलावर, गुरुवारी उन्हात, आज डुकरांत."

"शेजार शोधतोय," मी म्हणालो.

"कोणाचा? त्याचा की तुझा?"

मी धूळ झटकत राहिलो.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शरद पौर्णिमा. दुकान अर्धा दिवस. मालकीणबाईंनी दोन पपनसं दिली. मी ती घेऊन वांग-ये देवाच्या देवळात गेलो. आमच्या गावच्या देवाचंच हे शहरातलं ठाणं. मी फारसं काही मागत नाही. उदबत्ती लावतो, उभा राहतो, परत येतो. आज मात्र कौल लावला.

गुडघे टेकले आणि विचारलं, "देवा, मी यान गुरुजींचा सूड घेऊ का?" कौलाच्या दोन लाकडी फाका जमिनीवर टाकल्या. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला.

पुन्हा विचारलं. पुन्हा हसला.

शेजारी एक आजी नातवाच्या परीक्षेचा कौल लावत होत्या. म्हणाल्या, "प्रश्न नीट विचार रे बाळा. गोल गोल विचारलं की तो हसतो."

मग मी विचारलं, "देवा, यान गुरुजींचं पुस्तक खालच्या फळीवर ठेवू का?"

एक उपडी, एक उताणी. होकार. दुसऱ्यांदा होकार. तिसऱ्यांदाही होकार. लागोपाठ तीन होकार आले की शंका घ्यायची नसते.

घरी येऊन पपनस सोललं. फार गोड निघालं.

१६ सप्टेंबर

खालची फळी वादळाच्या दिवसांत आम्ही रिकामी ठेवतो. दोन वर्षांपूर्वी दुकानात घोट्याएवढं पाणी आलं होतं. एरवीही तिथे ओल असते, पुस्तकांना भुरी लागते. आणि ती इतकी खाली आहे की वाकून भागत नाही. पुस्तक हवं असेल तर गुडघेच टेकावे लागतात.

नऊ प्रती तिथे लावल्या. फळीवर फक्त गुरुजी. शेजार नाही.

१८ सप्टेंबर

एका बाईंनी मागितलं. "खाली बघा," म्हणालो. त्यांनी गुडघे टेकले. मला वाईट वाटलं, पण थोडंच.

असं लिहायला नको. पण वहीत खोटं लिहून काय उपयोग? कुणीतरी त्या पुस्तकासाठी गुडघे टेकतंय, हे बघून छातीत काहीतरी सैल होतं. रात्रीची प्रार्थनाही शांत झाली.

२० सप्टेंबर

मालकीणबाई नाचतच आल्या. "ऐक! शिक्षकदिनाला, अठ्ठावीस तारखेला, यान गुरुजी आपल्या दुकानात येऊन बोलणार आहेत. एवढ्याशा दुकानात! पुस्तकावर ठेवायला शिफारसपट्टी तू लिही. तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही."

अक्षर गुरुजींनीच घटवून घेतलं होतं. चुकलं की बोटांच्या सांध्यांवर पट्टी बसायची. उभी रेघ सरळ गेली पाहिजे, झाडासारखी.

रात्री पट्टी लिहिली. मोजके शब्द : 'मी घरची बोली बोललो. मला लाज वाटते.' उभी रेघ अजून सरळ जाते.

अठ्ठावीसला सगळे बसल्यावर ती ढिगावर ठेवायची. गुरुजींच्या तोंडासमोर. मग त्यांना बोलू दे भरतीच्या पाण्याबद्दल आणि पेजेबद्दल.

देवाला पुन्हा विचारलं नाही. फळीबद्दल हो म्हणाला म्हणजे पट्टीबद्दलही हो आलंच.

२३ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस मुसळधार पाऊस होता. पाणी आत आलं नाही, पण खालच्या फळीला हात लावला तर पुस्तकं ओलसर लागली. दोन प्रतींच्या कडांवर पांढरी भुरी आहे. पुसली नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, "आ-शुई, सात वर्षांत तू एक पुस्तक कुजू दिलं नाहीस. पाहुण्याचं पुस्तक कुजतंय आणि तू शिट्टी वाजवतोयस."

"कौल लावलाय," मी म्हणालो. "देवाने हो म्हटलंय."

"काय विचारलंस देवाला?"

सांगितलं. आधीचे दोन प्रश्न सोडून.

"देवाला फळीचं विचारलंस, देवाने फळीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्याला काय, तो सुतारालाही उत्तर देतो."

२६ सप्टेंबर, गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

मालकीणबाई देवळाच्या मंडळाकडून खुर्च्या आणायला गेल्या होत्या. मी एकटाच. दाराची घंटी वाजली. कापडी बूट, पांढरी टोपी, काठी. माझ्या आठवणीतले गुरुजी खांबाएवढे उंच होते. हे माझ्या खांद्याला लागत होते. बोलण्याआधी घसा खाकरायची सवय तीच.

"यान वेन-शू यांचं पुस्तक आहे का हो?"

लेखक असे येतात. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, कुणाला न सांगता, आपलं पुस्तक कुठे लावलंय ते बघायला.

"आहे. त्या कोपऱ्यात, खालच्या फळीवर. वाकून भागणार नाही. गुडघे टेकावे लागतील."

"जरा काढून देता का?"

"पाठ धरली आहे माझी." खोटं बोललो.

त्यांनी काठी कपाटाला टेकवली. एक हात फळीवर, मग एक गुडघा, मग दुसरा. फार वेळ लागला. एक प्रत ओढली, वास घेतला, भुरीवरून बाही फिरवली. प्रत परत लावली, कडेला सारखी केली. मग उठायला गेले आणि उठता येईना. त्यांनी माझ्याकडे हात केला.

मी माझे हात पाठीमागे धरले. वर्गात धरायचो तसे.

"गुरुजी, मी वेंग. कालववाल्या वेंगचा मुलगा. तिसरीत होतो, खिडकीजवळ."

त्यांनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शुई-लाय." माझं पूर्ण नाव, आणि ते आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, आई म्हणायची तसं. त्यांना ती येते, हे मला माहीत नव्हतं.

"मला चौथऱ्यावर बसवलंत तुम्ही. अंधार पडेपर्यंत."

"बसवलं."

"माझी आई बघत गेली."

"हो. माझीही त्याच गावात होती. ती मला याच बोलीत जेवायला हाक मारायची."

"मग पुस्तकात का नाही? एकशे चौऱ्याण्णव पानं पेज पीत बसलात!"

त्यांनी फळीला धरून ठेवलं होतं. "वही आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "पाटी सकाळी मी एकाच्याच गळ्यात घालायचो. पुढे ती तुम्ही पोरंच फिरवायचात. संध्याकाळी मी लिहून घ्यायचो. दोन रकाने. पकडणारा आणि पकडलेला. वर पाठवावं लागायचं. पाटीबद्दल लिहायला बसलो की ती वही उघडावी लागते. तुम्ही सगळे दोन्ही रकान्यांत आहात, शुई-लाय. एक सोडून."

मला माहीत होतं कोण. तरी विचारलं, "कोण?"

"पान आ-तेंग. तू त्याला दिलीस. त्याने पुढे कुणालाच दिली नाही. पोरं त्याच्यासमोर मुद्दाम घरच्या बोलीत बोलायची, तरी नाही दिली. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी तो शाळेतच आला नाही."

"ती पाटी तुमची होती," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"माझीच होती. मी नाही कुठे म्हणतोय?"

इतक्यात मालकीणबाई खुर्च्यांची गाडी घेऊन दारात आल्या. "अगं बाई! आ-शुई! म्हातारा माणूस जमिनीवर, आणि तू खांबासारखा उभा?" त्यांनी एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या. फार हलके होते. जाताना त्यांनी मालकीणबाईंना नमस्कार केला आणि पुस्तकाच्या जागेबद्दल काहीच बोलले नाहीत.

तीन तारखेला वर लिहिलं आहे, 'दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी गेली.' तशी ती गेली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी रस्त्यावर वाळूत रेघा ओढत बसलो होतो. पाटी पाठीवर फिरवली होती. बैलगाडी मागे येत होती, उतारावरची, बैलाला ती आवरत नव्हती. आ-तेंग शाळेच्या कुंपणावरून ओरडला, "आ-शुई, हो बाजूला!" मी बाजूला झालो. मग उठलो, कुंपणापाशी गेलो आणि पाटी त्याच्या गळ्यात घातली. तो घरच्या बोलीत ओरडला होता. दुसऱ्या कुठल्या भाषेत ओरडायला त्याला वेळ नव्हता.

२७ सप्टेंबर

सकाळी सगळ्या प्रती खालून काढल्या. भुरी फडक्याने पुसली, पंख्यासमोर उघड्या ठेवल्या. मग लावल्या. टेबलावर नाही. तेवढं माझं मन मोठं नाही. दाराजवळच्या कपाटात, खांद्याच्या उंचीला, इतर पुस्तकांसारख्या, पाठ बाहेर करून.

मालकीणबाई म्हणाल्या, "आज देवाला नाही विचारलंस?"

"नाही."

२८ सप्टेंबर, शनिवार

चाळीसेक माणसं आली. गुरुजी भरतीच्या पाण्याबद्दल बोलले, पेजेबद्दल बोलले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिफारसपट्टी माझ्या खिशात होती. दोनदा हात गेला. मी ती ठेवली असती तर सगळे गुरुजींकडे बघू लागले असते, आणि गुरुजी माझ्याकडे.

शेवटी एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "तेव्हाची मुलं सुखी होती का हो गुरुजी?"

गुरुजींनी घसा खाकरला. मग म्हणाले, "पुस्तकात होती." लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मला अजून राग आहे. कमी झालेला नाही. एवढंच की तो आता कुठे ठेवायचा, ते कळत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या बसने गावी गेलो. सोबत एक पेटी पपनसं. आ-तेंगची तळी खाडीच्या टोकाला आहेत. मधल्या चाळीस वर्षांत मी गावी अनेकदा आलो, पण त्या बाजूला कधी वळलो नाही. आज पहिल्यांदाच लक्षात आलं की मी मुद्दाम वळत नव्हतो.

तो बांधावर खाद्याची पोती उतरवत होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मला बघून पोतं खाली ठेवलं नाही.

"कालववाल्याचा ना तू? शहरात पुस्तकं विकतोस म्हणे."

"विकत नाही. लावतो."

"बरं. मग?"

मी बैलगाडीचं सांगितलं, चौथऱ्याचं, एकोणीस दिवसांचं. तो ऐकत ऐकत पोती रचत होता. मीही एक उचललं. त्याने नाही म्हटलं नाही.

"गुरुजी आले होते गेल्या वर्षी," तो म्हणाला. "केक घेऊन. बसा म्हटलं नाही मी. उन्हात उभे राहिले, मग गेले. केक माशांना टाकला."

"मासे खातात?"

"या तळ्यातले काहीही खातात." तो जरासा हसला, मग थांबला. "आणि तू माफी मागायला आलास."

"हो."

"एकोणीस दिवस मी काय करायचो माहितीये? रोज सकाळी उठून ठरवायचो, आज कुणालातरी देऊन टाकायची. तुलाच द्यायची. तू माझ्यापुढून जायचास तोंड घट्ट मिटून. हसायचासुद्धा नाहीस, हसताना चुकून शब्द निघाला तर." त्याने शेवटचं पोतं ठोकून बसवलं. "शाळा सुटली ती कायमची. नावापुरतं लिहिता येतं मला. बँकेतले कागद मुलगी भरते."

मी हातांना लागलेली पोत्यांची धूळ झटकली.

"आत चल. बायकोने मासा शिजवलाय. जेव." दोन पावलं गेल्यावर तो मागे वळला. "पण माफ केलं असं समजू नकोस. जेवण वेगळं, ते वेगळं."

जेवलो. त्याच्या बायकोने तीनदा भात वाढला. तो माझ्याकडे न बघता जेवत होता. निघताना बसथांब्यापर्यंत स्कूटरवर सोडायला आला. उतरल्यावर खिशात हात घालून ती पट्टी काढावी, त्याला दाखवावी असं मनात आलं. मग आठवलं, त्याला ती वाचता येणार नाही. मीच वाचून दाखवायला हवी होती. नाही काढली.

"पुढच्या रविवारी जाळी ओढायची आहेत," तो म्हणाला. "थंडी पडायच्या आत तळं रिकामं करावं लागतं. एक माणूस कमी आहे. छातीएवढ्या पाण्यात उभं राहावं लागेल, चार तास. मी तेव्हाही माफ करणार नाही."

"किती वाजता येऊ?" मी विचारलं.

"पहाटे पाच."

बस आली. मी घरच्या बोलीत 'येतो' म्हणालो. त्याने बस वळेपर्यंत स्कूटर सुरू केली नाही.